ठेवणींतली बाटली

चांगली वस्तु जपून ठेवावी, हा आमच्या घराण्याचा कुलधर्म आहे. आमच्या मातोश्रींचा शालू त्यांच्या लग्नानंतर फार तर पांच वेळां ट्रंकेबाहेर आला असेल. वडिलांस शाळेंतून निवृत्त होतांना मिळालेल्या फाउंटन पेनांत, निब झिजेल या भीतीनें, कधीं शाई भरली गेली नाहीं. आमच्या स्वतःच्या लग्नांत आलेला चिनी मातीचा चहाचा संच कपाटाच्या कांचेआडून आमच्याकडे आज पंचेचाळीस वर्षें पाहत उभा आहे, आणि आम्ही रोज सकाळीं त्याच्याकडे पाहत कान तुटलेल्या कपांतून चहा पितों. 'ठेवणींतला' हा शब्द मराठी घरांत जितक्या वात्सल्यानें उच्चारला जातो, तितक्या वात्सल्यानें 'वापरांतला' हा शब्द कोणीं उच्चारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. अशा या घरांत तांबड्या वाइनची एक बाटली वीस वर्षें ठेवणींत राहिली. तिची आणि तिच्या एका बहिणीची ही हकीकत आहे.

वाइनचें नांव काढतांच कित्येक वाचकांच्या भुंवया वर चढतील, हें आम्ही जाणून आहों. त्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, आमच्या आजीच्या फडताळांत द्राक्षासवाची बाटली सदैव असे, आणि तींत आंबवलेल्या द्राक्षांचा रस आहे हें ठाऊक असूनहि तिला मद्य म्हणण्याची छाती घरांत कोणाला झाली नाहीं. आमची स्वतःची मजल वर्षाकांठीं चार-दोन पेल्यांपलीकडे कधीं गेली नाहीं. मद्यपानाची भलामण करावी असाहि आमचा हेतु नाहीं. दारूनें धुळीस मिळालेले संसार आम्हीं जवळून पाहिले आहेत. परंतु ज्या बाटलीबद्दल आम्ही लिहिणार आहों, तिचा संबंध पिण्यापेक्षां वाट पाहण्याशीं अधिक आहे. आणि वाट पाहणें हा विषय सोवळ्याओवळ्याच्या पलीकडचा आहे.

आमचा एक मित्र महाविद्यालयाच्या वसतिगृहांतला. एका खोलींत आम्हीं चार वर्षें काढलीं, एका स्टोव्हवर चहा केला आणि एकमेकांचे सदरे घालून परीक्षा दिल्या. पुढें तो यंत्रशास्त्राची पदवी घेऊन इटलींतील तुरीन शहरीं मोटारींच्या धंद्यांत शिरला आणि तिकडचाच झाला. २००२ सालच्या ऑक्टोबरांत आम्ही उभयतां प्रथमच त्याच्याकडे गेलों. पहिल्याच रविवारीं त्यानें आम्हांस गाडींत घालून दक्षिणेकडे लांगे नांवाच्या टेंकड्यांच्या मुलखांत नेलें. आल्बा हें त्या बाजूचें मोठें गांव. टेंकडीमागून टेंकडी, प्रत्येकीच्या उतारावर विंचरलेल्या केंसांसारख्या द्राक्षवेलींच्या ओळी, माथ्यावर एखादें जुनें खेडें व त्याचा बुरूज, आणि सर्वांच्या पायथ्याशीं दुधासारखें धुकें. इटालियन भाषेंत धुक्यास 'नेब्बिया' म्हणतात. आमच्या दोहों बाजूंस ज्या वेली होत्या त्यांच्या द्राक्षाचें नांव 'नेब्बिओलो', आणि तें याच शब्दावरून पडलें असावें, असें पुष्कळ जण मानतात.

हें द्राक्ष मोठें हट्टी. त्याला पालवी लवकर फुटते, पण पिकतें तें सर्वांमागून. धुकें पडूं लागलें तरी तें वेलीवरच असतें. त्याला उतारहि उन्हाकडे तोंड असलेलाच लागतो. दुसरीकडे लावलें तर रुसून बसतें. याच एका द्राक्षापासून बारोलो नांवाची वाइन होते. बारोलो हें तेथल्या एका खेड्याचें नांव. पण त्यासह एकूण अकरा गांवांच्या शिवारांतील द्राक्षें त्या नांवास पात्र ठरतात. बाजारांत येण्यापूर्वीं तिनें ३८ महिने थांबलें पाहिजे, त्यांपैकीं १८ महिने लांकडी पिपांत, असा कायदा आहे. 'रिझेर्वा' म्हणवून घ्यावयाचें असेल तर ६२ महिने. मुलीच्या लग्नाची घाई करणाऱ्या बापांनीं हा कायदा एकदां वाचावा, असें आमच्या मित्राचें म्हणणें होतें.

सेर्रालुंगा गांवीं एका वृद्ध शेतकऱ्याच्या तळघरांत आम्ही उतरलों. त्यानें १९९६ सालची बारोलो पेल्यांत ओतली. तें साल लांगेंत उत्तम समजलें जातें, पण कडक स्वभावाचें. आणि सेर्रालुंग्याची जमीनहि तशीच कडक. शेजारच्या ला मोर्रा गांवच्या निळसर मातींतून आलेली बारोलो लवकर मऊ होते. इकडची पुष्कळ वर्षें अंग चोरून बसते. आम्हीं पहिला घोट घेतला आणि तोंड असें आवळलें कीं, कच्ची सुपारी चघळल्याचा भास झाला. रंग पाहावा तर फिक्या माणकासारखा, पेल्यापलीकडचें बोट दिसावें इतका पारदर्शक. आणि जोर पाहावा तर हिरड्यांपर्यंत पोंचणारा! आमच्या मंडळींनीं पेला खालीं ठेवून मराठींत विचारलें, "हें असलें तुरट पाणी जपून कशाला ठेवायचें?" मित्रानें प्रश्नाचें भाषांतर केलें. म्हातारा रागावला नाहीं. तो म्हणाला, "आज ती तुम्हांला ओळखत नाहीं. दहा-पंधरा वर्षांनीं या."

दहा-पंधरा वर्षांत बंद बाटलींत काय घडतें, तें मित्रानें परततांना समजावून दिलें. द्राक्षाच्या सालींत व बियांत एक तुरट द्रव्य असतें. टॅनिन त्याचें नांव. चहा फार उकळला म्हणजे जिभेवर जें चढतें, तें त्याच जातीचें. तांबडी वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून तें तींत उतरतें. आणि आपल्या लाळेंतील प्रथिनांस तें चिकटलें म्हणजे तोंड कोरडें पडतें. बाटलींत वर्षें जात असतां या द्रव्याचे कण एकमेकांस व रंगद्रव्यांस जोडले जातात, वाढतात, आणि अखेरीस गाळ होऊन तळाशीं बसतात. त्याबरोबर तुरटी मवाळ होते आणि माणकाचा रंग विटकरीकडे झुकतो. फळाचा ताजा वास मावळतो व त्याच्या जागीं दुसरे वास उगवतात; बारोलोच्या बाबतींत तिकडचे लोक डांबर आणि गुलाब अशी जोडी सांगतात, जी ऐकून आम्हांस प्रथम हंसूं आलें. आंबटपणा मात्र टिकून राहतो, आणि म्हातारपणीं तोच वाइनचा कणा ठरतो. तरुणपणीं ज्या गुणांमुळें ती असह्य होती त्याच गुणांच्या बळावर ती पुढें जगते, हें ऐकून आम्हांस आमचे कित्येक शिक्षक आठवले.

'जुनें तें सोनें' हें आम्हीं लहानपणापासून ऐकत आलों. जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो. लिंबाचें लोणचें काळें पडलें म्हणजे आजाऱ्याच्या तोंडास चव आणतें. वैद्य जुना गूळ आणि जुनें तूप मागतात. तेव्हां वाइनहि जितकी जुनी तितकी चांगली, अशी आमची बाळबोध समजूत होती. मित्रानें ती खोडून काढली. जगांतील बहुतेक वाइन थोड्या वर्षांत पिऊन टाकण्यासाठींच केलेली असते, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. आपल्या नाशिककडे पावसाळा सरतां सरतां वेलींची छाटणी होते आणि वाइनचीं द्राक्षें जानेवारी ते मार्चच्या सुमारास काढतात. तेथल्या बहुतेक तांबड्या वाइनी तरुणपणींच चांगल्या लागतात. त्यांना दहा वर्षें कोंडून ठेवणें म्हणजे मोगऱ्याचें फूल पेटींत जपण्यासारखें आहे. जपण्याजोगी वाइन तीच, जींत तुरटी, आंबटपणा आणि फळाचा कस हीं तिन्हीं भरपूर व प्रमाणांत असतात. आणि तिलाहि शेवट आहेच. ती चढते, माथ्यावर कांहीं वर्षें रेंगाळते आणि मग उतरूं लागते. माथा केव्हां येणार, हें मात्र बाटलीवर छापलेलें नसतें.

वाट किती पाहावी, या प्रश्नानें लांगेंत बाप-लेकांची भांडणें लावलीं आहेत. जुन्या रीतीप्रमाणें वाइन पुष्कळ आठवडे सालींसह मुरत असे आणि मग मोठाल्या जुन्या पिपांत वर्षानुवर्षें पडून राही. ती पिण्याजोगी होईपर्यंत करणाऱ्याचे केंस पिकत. १९८० नंतरच्या दशकांत तरुण पिढीनें मुरवण कमी केली आणि फ्रेंच धर्तीचीं लहान, नवीं पिपें आणलीं. ला मोर्राच्या एलिओ आल्तारे यानें तर १९८३ सालीं यांत्रिक करवत घेऊन वडिलांच्या तळघरांतलीं जुनीं पिपें कापून काढलीं; वडिलांनीं त्याला वारसांतून वगळलें. आतां दोन्हीं पक्ष एकमेकांचें थोडें थोडें घेऊन बरेच जवळ आले आहेत. हा सर्व वृत्तांत ऐकतांना आमची सहानुभूति अर्थातच पिपांकडे होती. वाट पाहणें म्हणजे सद्गुण, आणि न पाहणें म्हणजे उतावीळपणा, याविषयीं आमच्या मनांत तेव्हां संशय नव्हता.

मित्रानें त्या दिवशीं सहा बाटल्या घेतल्या. एक आमच्या हातीं दिली, पांच स्वतःकडे ठेवल्या. "ही तुझी," तो म्हणाला, "घरांत चांगला प्रसंग येईल तेव्हां उघड. माझ्या पांचांतली एक मात्र आपल्या चौघांची. ती तुम्ही पुन्हां याल तेव्हां." मग त्यानें बाटलीची निगा सांगितली. ती आडवी ठेवावी, म्हणजे बूच आंतून ओलें राहतें. सुकून आकसलें कीं हवा आंत शिरलीच. उजेड लागूं देऊं नये, हलवूं नये. जागा किंचित् ओलसर असावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ती थंड असावी, बारा ते चौदा अंश, आणि बाराहि महिने सारखी; कारण उष्म्यानें वाइन पिकत नाहीं, शिजते. तुरिनांत त्याला ही अडचण नव्हती. तिकडच्या इमारतींत प्रत्येक बिऱ्हाडाला खालीं तळघरांत एक अंधारी खोली असते. ती पाहून आम्हांस गांवाकडच्या ज्वारीच्या पेवाची आठवण झाली. तोच गारवा, तोच मातीचा वास.

पुण्यांत आम्हीं ती बाटली लोंकरी कपड्यांखालीं, कपाटाच्या तळाशीं आडवी निजवली. पहिलीं तीन वर्षें ती तेथें बरी होती. मग मुलांच्या पुस्तकांस जागा हवी झाली आणि ती माळ्यावर गेली. चैत्र-वैशाखांत पुण्यास पारा चाळिशीला टेकतो. छपराखालच्या माळ्यावर तो कोठें जात असेल, याचा विचार आम्हीं सोयिस्करपणें केला नाहीं. आडवी आहे, अंधारांत आहे, कोणी हलवीत नाहीं, म्हणजे पांचांपैकीं तीन अटी पाळल्या, अशी आमची बेरीज होती.

प्रसंग आले. मुलगा पदवीधर झाला, वास्तुशांत झाली, मुलीचें लग्न ठरलें, आमची साठी झाली. प्रत्येक वेळीं माळ्याकडे दृष्टि गेली, आणि प्रत्येक वेळीं 'याहूनहि चांगला प्रसंग येईल' असें म्हणून आम्हीं ती खालीं वळवली. तिकडून मित्राचीं पत्रें येत, पुढें संगणकावरून निरोप येऊं लागले. अमुक सालीं एक उघडली, तुम्ही कधीं येतां? आमचें उत्तर ठरलेलें: पुढच्या वर्षीं. एका वर्षीं मुलीची परीक्षा होती, एका वर्षीं मंडळींचे गुडघे, एका वर्षीं केवळ तिकिटाचे दर. २०१७ सालीं त्याचा निरोप नेहमींपेक्षां मोठा आला. त्याच्या शेवटीं 'आतां याच' अशीं चार अक्षरांचीं दोनच वाक्यांइतकीं वजनदार पदें होतीं. आम्हीं लिहिलें, "पुढच्या वर्षीं नक्की." २०१९ च्या जानेवारींत तो हृदयविकारानें गेला.

त्या वेळीं आम्हांस जातां आलें नाहीं. मागोमाग जगभर महामारी आली. अखेर २०२२ च्या ऑक्टोबरांत, बरोबर वीस वर्षांनीं, आम्ही उभयतां तुरिनास पोंचलों. वहिनींनीं दुसऱ्या दिवशीं आम्हांस तळघरांत नेलें. फळीवर एक बाटली आडवी होती आणि तिच्याशेजारीं शाळकरी मुलांची असते तशी एक वही. मित्राचें अक्षर आम्हीं वसतिगृहापासून ओळखतों. परीक्षेच्या पेपरांतहि तो इतकाच मोजका लिहीत असे.

"२००६. पहिली. कच्ची सुपारी. घाई केली."

"२०१०. दुसरी. दार किलकिलें झालें आहे. आंत कोणी तरी आहे."

"२०१४. तिसरी. सुकलेला गुलाब, चहाची पत्ती, थोडें डांबर. तुरटी आहे, पण आतां टोचत नाहीं."

"२०१७. चौथी. बोलूं लागली. याहून चांगली होईल असें वाटत नाहीं. पुण्यास कळवावें."

त्याखालीं एक ओळ सोडून: "पांचवी. पुण्याच्या मंडळींसह. २०२० च्या आंत. पुढें ढकलूं नये."

आम्हीं वही मिटली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ते गेल्यावर ती मला उघडतां आली असती. मुलें म्हणालींहि. पण तिच्यावर तुमचें नांव होतें." यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. आपण एखादी वस्तु जपून ठेवतों तेव्हां दुसरें एखादें माणूस आपल्यासाठीं थांबलेलें असतें, ही गोष्ट आमच्या हिशेबांत इतक्या वर्षांत कधीं आलीच नव्हती.

वहिनींनीं बाटली वर आणून दोन दिवस उभी करून ठेवली, म्हणजे कडेला बसलेला गाळ तळाशीं यावा. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं बूच काढलें. वीसांहून अधिक वर्षांचें तें बूच मधेंच तुटलें. वहिनींनीं न घाबरतां उरलेला तुकडा हलक्या हातानें वर घेतला. मग दिव्यासमोर मान धरून त्यांनीं वाइन सावकाश एका रुंद कांचेच्या भांड्यांत ओतली, आणि गळ्याशीं गाळाची काळी रेघ दिसतांच हात थांबवला. जुन्या वाइनला वाऱ्याची गरज असते, पण फार वारा तिला सोसत नाहीं. म्हणून तासाभरांतच आम्ही जेवावयास बसलों. टेबलावर तीन पेले होते. चौथा वहिनींनीं मांडला नव्हता. मांडला असता तर आम्हांकडून बसवलें नसतें.

जेवणहि मित्राच्या मताप्रमाणें होतें. आरंभीं 'ताइयारीन', म्हणजे अंड्यांच्या पुष्कळ बलकांत मळलेल्या कणकेचे केंसासारखे बारीक कापलेले शेव. लोण्यांत परतलेले, आणि वर पांढऱ्या ट्रफलच्या कागदासारख्या पातळ चकत्या. ट्रफल ही जमिनींत झाडांच्या मुळांशीं वाढणारी कवकाची जात. आल्ब्याची पांढरी ट्रफल जगभर प्रसिद्ध आहे, आणि तिचा हंगाम हाच. शेजाऱ्यांनीं सुपारीएवढी एक पुडींत बांधून पाठवली होती. मग मटण. तिकडचे लोक गाईचें मांस तांबड्या वाइनमध्यें तासन् तास शिजवतात. वहिनींनीं त्याच रीतीनें, कांदा, गाजर, दालचिनी आणि एक साधी तरुण वाइन घालून, मटण तीन तास मंद आंचेवर ठेवलें होतें. मिरचीचा स्पर्श नव्हता. "एरवीं या घरांत कोल्हापुरी रस्सा होतो," वहिनी म्हणाल्या, "पण बारोलोच्या दिवशीं तिखट नाहीं, असा त्यांचा नियम." नियमास कारण आहे. तिखटानें वाइनची तुरटी आणि मद्याची धग दोन्हीं भडकतात. उलट मांस, लोणी, मुरलेलें चीज यांतील प्रथिनें व स्निग्धता तुरटीला आपल्याकडे ओढून घेतात आणि जीभ मोकळी राहते. कडक चहांत दूध घातल्यानें तो मऊ होतो, त्यांतलें तत्त्व हेंच. आणि वाइन जितकी म्हातारी, तितकें अन्न साधें असावें. वृद्ध माणसाचें बोलणें ऐकावयाचें असेल तर खोलींत गलका नसावा लागतो.

तिचा रंग आतां जुन्या विटेचा झाला होता, कडेला नारिंगी. नाकाशीं नेली तेव्हां, खरें सांगावयाचें तर, वीस वर्षांपूर्वीं हंसलों त्याची लाज वाटली. डांबर होतें, पहिल्या पावसांत तापलेल्या रस्त्यावरून येतें तसें. आणि त्याच्या मागून, पुस्तकांत दाबून ठेवलेल्या गुलाबाचा वास. ओलीं पानें, संत्र्याची वाळलेली साल. तोंडांत ती हलकी वाटली, आणि गिळल्यावर फार वेळ राहिली. तुरटी होती, पण आवळा खाल्ल्यावर पाणी प्यालें म्हणजे जशी गोडी मागून येते, तशी तिच्या मागून गोडी येत होती. आमच्या मंडळींनीं दुसरा घोट घेतला आणि म्हणाल्या, "हिनें ओळखलें हो आपल्याला." दीड तासानें पेल्यांत उरलेली वाइन मंद होऊं लागली, प्रथम गुलाब गेला, मग डांबर. ती आपल्या डोळ्यांदेखत जात आहे हें आम्हां तिघांनाहि कळत होतें, म्हणून कोणीं थेंब उरूं दिला नाहीं.

जेवणाच्या शेवटीं वहिनींनीं एक मोठें नासपती मधोमध कापलें आणि एक गोष्ट सांगितली. लुइजी एइनाउदी हे १९४८ ते १९५५ पर्यंत इटलीचे राष्ट्राध्यक्ष होते. मोठे अर्थशास्त्रज्ञ, आणि लांगेच्याच बाजूचे, डोल्यानी गांवीं त्यांच्या स्वतःच्या द्राक्षबागा. राजवाड्यांतील एका मेजवानींत फळें आलीं तेव्हां त्यांना अख्खें नासपती नको होतें, म्हणून त्यांनीं पाहुण्यांस विचारलें, माझ्याबरोबर अर्धें कोण घेईल? साऱ्या टेबलावर क्षणभर गोंधळ उडाला. मग लेखक एन्नियो फ्लायानो यांनीं हात वर केला. फ्लायानो यांनींच ही आठवण पुढें लिहून ठेवली आहे. आम्ही तें अर्धें नासपती खात असतां मनाशीं म्हणालों, काटकसर काटकसर म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगला, ती ही नव्हे. या माणसाला फळ जपावयाचें नव्हतें. तें वाया जाऊं द्यावयाचें नव्हतें, आणि त्यासाठीं त्यानें दुसऱ्याला त्यांत वांटेकरी करून घेतलें. आमच्या माळ्यावर जें चाललें होतें त्यांत वस्तु वाया जात होती आणि वांटेकरी ताटकळत होता.

पुण्यास परत आल्यावर आठ दिवसांनीं आम्हीं आमची बाटली खालीं उतरवली. उन्हाळ्यांत फुगून वाइननें बूच किंचित् वर ढकललें होतें, आणि गळ्याखालीं ती दोन बोटें कमी झाली होती. प्रसंग कोणताहि नव्हता, मंगळवार होता. रंग तपकिरी, वास शिजवलेल्या मनुकांचा व थोडा शिरक्याचा, चव कांहींच नाहीं. एकाच उतारावरची, एकाच सालची, एकाच म्हाताऱ्याच्या हातची ही वाइन. हिची बहीण आम्हीं महिन्यापूर्वींच भेटून आलों होतों. म्हणून काय गेलें हें आम्हांस नेमकें ठाऊक होतें. बाटली मोरींत रिती करतांना आमच्या मंडळी शेजारीं उभ्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "मुलाच्या वास्तुशांतीला उघडली असती तर?" तें २००८ साल होतें. बाटली तेव्हां माळ्यावर दोन-तीनच उन्हाळे राहिली होती. उत्तर देण्यासारखें नव्हतें.

'जुनें तें सोनें' ही म्हण खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. त्या संध्याकाळीं तुरिनांत आम्हीं प्यालों तें सोनेंच होतें. पण तें जुनें झाल्यामुळें सोनें झालें नव्हतें. त्याचा मूळ कस चांगला होता, त्याला गारवा मिळाला, कोणी तरी तीन-चार वर्षांनीं त्याची विचारपूस केली, वहींत नोंद ठेवली, आणि पुढें ढकलूं नये असें लिहून ठेवलें. आम्हीं नुसतें ठेवलें. ठेवणें आणि जपणें यांत किती अंतर आहे, हें कळण्यास आम्हांस वीस वर्षें आणि एक मित्र खर्चीं घालावा लागला.

गेल्या महिन्यांत आम्हीं कपाटाची कांच सरकवून चहाचा संच बाहेर काढला. खालच्या मजल्यावरचे वृद्ध दांपत्य चहास आलें होतें. त्यांच्या येण्यास कांहीं निमित्त नव्हतें. दुसऱ्याच खेपेस एक बशी आमच्या हातून निसटली आणि तिचे चार तुकडे झाले. पाहुणे ओशाळले. आमच्या मंडळींनीं तुकडे गोळा केले, केरांत टाकले आणि विचारलें, "अजून चहा घेणार ना?"